नानांचं पुणं आणि घाटातली खरेदी

भिवपुरीला ट्रेकला गेला असाल तर गावामागून मावळात चढणारी कुसूर घाटाची वाट पाहिली असेल. तिथून दक्षिणेला, खोपोलीवर, बोरघाट. गाडीरस्ता तिथे १८३० मध्ये झाला. त्याआधी मुंबईहून होडीने पनवेलला उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढायचा आणि पुण्याच्या पेठांत पोचायचा.

त्या पुण्याचा कारभार ज्यांच्या हातात होता ते नाना फडणवीस. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, साताऱ्याचा. १७६१ मध्ये पानिपतावरून जीव वाचवून परतले. आई मात्र त्या धावपळीत हरवली ती कायमची. १७७४ मध्ये बारभाईंनी राघोबादादांना दूर केलं, आणि पाळण्यातल्या सवाई माधवरावांच्या नावाने नाना राज्य चालवू लागले.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं राजकारण असतं, बाजार नसतो. सरदार, सावकार, कारकून, शिपाई सगळे पुण्यात गोळा झालेले. पैठणी आणि काश्मिरी शाली होत्याच. आता इंग्रजी बनात, आरसे, काचेच्या हंड्या, घड्याळंही आली. कोतवाल वजनमापं आणि भाव बघायचा. नव्या गोष्टींची हौस खुद्द नानांनाही होती. १७८६ मध्ये मॅलेट हा इंग्रज वकील पुण्यात आला, पुढे जेम्स वेल्स हा चित्रकार. नानांनी त्याच्याकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं (आजचा प्रोफाइल फोटोच म्हणा!). शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. गंगाराम तांबट तिथलाच.

हे सगळं टिकलं ते शहर सुरक्षित होतं म्हणून. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि घडी विस्कटली. १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने पकडलं. त्यांच्या कैदेच्या काळात सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या पैसेवाल्यांना छळून पैसा उकळला. दिवाणखान्यात झुंबर लावायचं ते लोकांनी बघावं म्हणून. आता तेच कोणी बघितलं तर भीती. नाना सुटले ते लाखो रुपये मोजून. १३ मार्च १८०० रोजी ते वारले. दोन वर्षांनी होळकर-शिंद्यांची लढाई थेट पुण्याच्या वेशीशी आली.

खोपोलीत वीरेश्वराचं देऊळ आणि त्याच्यालगतचं मोठं तळं नानांनी बांधलेलं. घाट चढण्याआधी तांड्यातली माणसं आणि बैल इथे पाणी प्यायचे. तळं अजून आहे. पुढच्या ट्रेकला थांबून बघा.