वाफ पेटते कशी, हे उकलणारे सेम्योनोव

फॉस्फरसची वाफ ऑक्सिजनच्या संपर्कात आली की चमकू लागते, हे जुने ज्ञान. १९२६ मध्ये लेनिनग्राडमधील निकोलाय सेम्योनोव यांच्या प्रयोगशाळेत मात्र युली खारितोन आणि झिनाइदा वाल्ता या तरुण सहकाऱ्यांना निराळेच दिसले. ऑक्सिजनचा दाब ठरावीक मर्यादेखाली असेपर्यंत वाफ थंडच राही आणि मर्यादा ओलांडताच भडके. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, न पेटलेल्या मिश्रणात आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू सोडला तरी ते पेट घेई.

रासायनिक गतिशास्त्रातील तत्कालीन अग्रणी, जर्मनीचे माक्स बोडेनश्टाइन यांनी हा निष्कर्ष अमान्य करून उपकरणातील दोषाकडे बोट दाखवले. खारितोन तोवर केंब्रिजला गेले होते. सेम्योनोव यांनी उपकरणाची रचना बदलून प्रयोग पुन्हा केले. मर्यादा कायम राहिली. शिवाय पात्र मोठे घेतल्यास ती खाली येते, हेही आढळले.

या कोड्याचे उत्तर साखळी अभिक्रियेत होते. एक सक्रिय कण एकाहून अधिक नवे सक्रिय कण निर्माण करतो आणि साखळीला फाटे फुटत जातात. पात्राच्या भिंतीवर पोहोचलेले कण मात्र नष्ट होतात. निर्मितीचा वेग नाशाहून वाढला की बाहेरून ठिणगी न लावताही मिश्रण पेटते. मोठ्या पात्रात भिंत दूर राहते, तर आर्गॉनच्या गर्दीत कणांना तिथवर पोहोचायला उशीर लागतो. बोडेनश्टाइन यांनीही पुढे हे मोठ्या मनाने मान्य केले. अभिक्रियेची उष्णता बाहेर जाण्याऐवजी साचत गेल्यास होणाऱ्या स्फोटाचा सिद्धांतही सेम्योनोव यांनी १९२८ मध्ये मांडला.

सारातोव येथे १८९६ मध्ये जन्मलेले सेम्योनोव पेत्रोग्राद विद्यापीठाचे १९१७ चे पदवीधर आणि भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांचे शिष्य. चित्रकार बोरिस कुस्तोदिएव यांनी १९२१ मध्ये त्यांचे आणि मित्र प्योत्र कपित्सा यांचे एकत्र चित्र रंगवले, तेव्हा दोघेही अप्रसिद्ध होते. पुढे दोघांनाही नोबेल मिळाले. १९३१ मध्ये सेम्योनोव रासायनिक भौतिकी संस्थेचे संचालक झाले आणि १९३४ मध्ये साखळी अभिक्रियांवरील त्यांचा ग्रंथ निघाला.

ब्रिटनचे सिरिल हिन्शेलवूड यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणात अशाच मर्यादांचा अभ्यास केला होता. १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना विभागून देण्यात आले. विज्ञानाचे नोबेल मिळवणारे सेम्योनोव हे पहिले सोव्हिएत नागरिक. २५ सप्टेंबर १९८६ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. ती संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.