रंगवेडा डॉक्टर : पॉल एर्लिख

मित्रांनो, हॉस्टेलवर कुणाचा खोकला लांबला की डॉक्टर आधी सीबीसी करायला सांगतात. त्या रिपोर्टमध्ये 'इओसिनोफिल' अशी एक ओळ असते. ती न वाचताच आपण कागद गादीखाली सरकवतो! ही ओळ ज्यांच्यामुळे आली, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन इथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या काळी जर्मनीत दगडी कोळशाच्या डांबरापासून कापडाचे नवे रंग निघत होते. एर्लिख शिकत होते वैद्यकी, पण जीव अडकला रंगांत! एक रंग या पेशीला चढतो, मग शेजारचीला का नाही? याच विषयावर १८७८ साली त्यांनी लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली.

१८७९ मध्ये त्यांनी काचेवर सुकवलेल्या रक्ताला 'इओसिन' हा रंग लावून पाहिला. काही पांढऱ्या पेशींतले कण लालभडक दिसू लागले. ग्रीकांची उषादेवी इओस, तिच्यावरून रंगाचं नाव; आणि रंगावरून पेशी झाली इओसिनोफिल.

या पेशी एरवी शंभरात एक ते सहा. पोटात जंत झाले की वाढतात. जंत एवढा मोठा, की पेशी त्याला गिळू शकत नाही. म्हणून ती आपल्या कणांतलं विष त्याच्यावर ओतते. ॲलर्जीत शत्रू नसतोच, तरी तेच विष आपल्याच नाकात, श्वासनलिकेत सांडतं. आमच्या शिरूर-दौंडकडे बांधाबांधावर गाजरगवत, आणि रानात अनवाणी फिरायची सवय. म्हणजे दोन्ही कारणं दाराशीच! मात्र आकडा एकटा कारण सांगत नाही. अमिबाच्या जुलाबात तर तो बहुधा वाढतच नाही.

१८८२ मध्ये एर्लिख यांनी क्षयाचे जंतू रंगवण्याची सुधारित रीत काढली. पुढे स्वतःच्याच थुंकीत त्यांना ते जंतू सापडले! इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते बरे झाले. १९०८ साली त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९०९ मध्ये हाता या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी ६०६ क्रमांकाचं संयुग उपदंशावर गुणकारी ठरवलं. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते गेले.

त्यांचं काम मात्र आपल्या देशात कामी आलं. १९४० साली मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातले डॉक्टर फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनी काही वेगळे रोगी नोंदवले. खोकला, एक्स-रे सगळं क्षयासारखं. पण रक्तात इओसिनोफिल भरमसाट. तो क्षय नव्हताच! हत्तीरोगाच्या कृमींवर शरीर देत असलेली ती प्रतिक्रिया होती, हे पुढे सिद्ध झालं. रोग वेगळा, म्हणून औषधही वेगळं.

तेव्हा मित्रांनो, आकडा वाढलेला दिसला तर मेडिकलमधून ॲलर्जीची गोळी आणून गप्प बसू नका. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, सांगितली तर शौचाची तपासणीही करा. लाजायचं काय त्यात? कापडाच्या रंगातून रक्त वाचायला शिकवणाऱ्या या रंगवेड्याला माझा सलाम!