शेतकऱ्याच्या पोराने आधी ट्रॅक्टर सुधारला, मग थेट रेसिंग कारच्या चारही चाकांना ताकद दिली

फोर बाय फोर गाडी चिखलात अडकली की एक दृश्य हमखास बघायला मिळतं. एक चाक गरागरा फिरत असतं, त्याच्या जोडीचं दुसरं जागचं हलत नाही. इंजिन ओरडतंय, पेट्रोल जळतंय आणि गाडी आहे तिथंच.

याला कारणीभूत असतं डिफरन्शियल.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही गिअरची रचना असते. पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतं. एका चाकाखाली चिखल असेल तर ते फिरवायला फारसा जोर लागतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही.

उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक करणं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील. पण पुढच्या अ‍ॅक्सलचं लॉकर महागात जातं. शिवाय ते लावलेलं असताना स्टेअरिंग जड होतं आणि गाडी सहजासहजी वळत नाही.

मग कमी खर्चात चाकाला पकड मिळवून द्यायची कशी? या प्रश्नामागे एका माणसानं आयुष्य घालवलं. त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन.

तोच, ज्याचं अर्धं नाव आजही मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर आहे.

हॅरीचा जन्म 4 नोव्हेंबर 1884 चा. आयर्लंडच्या काउंटी डाऊनमधलं शेतकरी कुटुंब, घरात 11 भावंडं. 14 व्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं शेतीत जुंपलं गेलं. पण शेतातल्या कामात त्याचा जीव रमेना. 1902 मध्ये तो बेलफास्टला भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि तिथं त्याला आपला रस्ता सापडला.

31 डिसेंबर 1909 ला त्यानं स्वतः बनवलेलं विमान उडवलं. अंतर जेमतेम 120 मीटर, पण आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण मानलं जातं.

त्याचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते मात्र जमिनीवर.

पहिलं महायुद्ध सुरू होतं, धान्याची टंचाई होती. 1917 मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्यानं त्याला ट्रॅक्टरचा वापर सुधारण्याच्या कामावर घेतलं. गावोगाव फिरताना एक भयानक गोष्ट त्याच्या लक्षात आली. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जायचा. नांगर दगडात अडकला की चाकं पुढं रेटत राहायची, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि ट्रॅक्टर मागे उलटायचा. चालवणारा खाली चिरडला जायचा.

यावरचा ठरलेला उपाय म्हणजे ट्रॅक्टर जड करा. वजन वाढलं की पकडही वाढते. पण जड ट्रॅक्टर महाग पडतो, इंधन खातो आणि जमीन दाबून टाकतो.

हॅरीनं उलटा विचार केला. ट्रॅक्टर हलकाच ठेवायचा आणि नांगराचाच भार चाकांवर आणायचा.

त्यासाठी त्यानं नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला. खाली दोन दांडे, वर एक. नांगराचं वजन आणि मातीचा विरोध यांचा दाब मागच्या चाकांवर यायचा, तर वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढं रेटून त्याचं तोंड खाली ठेवायचा. मातीचा ताण वाढला की हायड्रॉलिक यंत्रणा नांगर आपोआप थोडा वर घ्यायची. आणि नांगर दगडात अडकलाच, तर मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन चाकं जागेवर फिरायची. ट्रॅक्टर उलटत नव्हता, म्हणजे माणूस वाचत होता.

ऑक्टोबर 1938 मध्ये त्यानं हे सगळं अमेरिकेत हेन्री फोर्डला करून दाखवलं. फोर्ड खूश झाला आणि जागेवरच डील झाली. कागद नाही, सही नाही, फक्त हँडशेक. 1939 पासून फोर्डच्या कारखान्यातून हॅरीच्या यंत्रणेचे 3 लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले.

पण पुढं म्हाताऱ्या फोर्डच्या जागी नातू हेन्री फोर्ड दुसरा आला आणि 1947 मध्ये हँडशेक मोडला. हॅरीची यंत्रणा मात्र फोर्डच्या नव्या ट्रॅक्टरमध्ये तशीच होती. हॅरी कोर्टात गेला. दावा होता सुमारे 25 कोटी डॉलरचा. 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली.

तोवर त्यानं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 1946 पासून टीई 20 हा स्वतःचा ट्रॅक्टर सुरू केला होता. राखाडी रंगाचे असे 5 लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो याच ट्रॅक्टरला बर्फासाठी पट्टे बसवून.

1953 मध्ये हॅरीनं कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. व्यवहारात 10 लाख डॉलरवरून घोळ झाला, तेव्हा चक्क नाणं उडवून निकाल लावला. हॅरी हरला.

1954 ला तो कंपनीतून बाहेर पडला. वय 70 च्या घरात आणि डोक्यात पुन्हा चाकाची पकड.

आता त्याला साध्या कारच्या चारही चाकांना ताकद द्यायची होती. फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट हे रेसर त्याच्या सोबत होते. अशा गाडीत पुढे, मागे आणि मध्ये अशी तीन डिफरन्शियल लागतात. तिन्ही साधी ठेवली तर एका चाकाखालचा चिखल चारही चाकांचा जोर घालवतो. म्हणून त्याच्या टीमनं मधल्या डिफरन्शियलला क्लच जोडले. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ते लॉक व्हायचं.

कार कंपन्यांनी मात्र हे मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं नाही. 25 ऑक्टोबर 1960 ला हॅरी गेला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1961 मध्ये, इंग्लंडच्या औल्टन पार्कवर पाऊस पडला. त्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसनं फर्ग्युसन पी 99 ही फोर व्हील ड्राइव्ह कार पळवली आणि फॉर्म्युला वन गाड्यांची गोल्ड कप रेस जिंकली. 1966 मध्ये हीच यंत्रणा जेन्सन एफएफ या कारमध्ये आली. पण गाडी एवढी महाग होती की फक्त 320 बनल्या. ज्यानं ट्रॅक्टर स्वस्त केला, त्याची कार श्रीमंतांपुरतीच राहिली.

मग स्वस्तातला उपाय कुठंय? तो ट्रॅक्टरवरच होता. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. फुकट फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की डिफरन्शियलला तिथं विरोध मिळतो आणि दुसऱ्या चाकाला जोर जातो. ही युक्ती काही एकट्या हॅरीची नाही, पण आज ती कारमध्येही आहे. महिंद्रा थार आणि मारुती जिम्नीच्या पुढच्या चाकांना मेकॅनिकल लॉक नाही. तिथं सेन्सर बघून कॉम्प्युटर हेच ब्रेकचं काम करतो. म्हणून चिखलात चाक फिरू लागलं की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका. तो हलका आणि स्थिर ठेवा, म्हणजे यंत्रणेला काम करायला वेळ मिळतो. फक्त सतत वापर झाला तर ब्रेक तापतात आणि खऱ्या लॉकरची ताकद यात नसते, हे लक्षात ठेवा.

भारतात 1960 मध्ये मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्या शिवारात आला. पण हॅरीची खूण बघायला मॅसीच हवा असं नाही. कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा. खाली दोन दांडे, वर एक.