इझाबेला बीटन
इझाबेला मेरी बीटन (माहेरचे आडनाव मेसन; १४ मार्च १८३६ – ६ फेब्रुवारी १८६५) या व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लिश लेखिका व संपादिका होत्या. ‘मिसेस बीटन’ या नावाने त्या ओळखल्या जातात. ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ (१८६१) या त्यांच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव इंग्लंडमध्ये गृहव्यवस्थेचा जणू समानार्थी शब्द बनले.

बालपण आणि शिक्षण
इझाबेला यांचा जन्म लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील बेंजामिन मेसन हे कापडाचे व्यापारी होते. पुढे त्यांचे निधन झाले. आई एलिझाबेथ यांनी १८४३ मध्ये एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतींचे व्यवस्थापक हेन्री डॉर्लिंग या विधुराशी पुनर्विवाह केला. दोघांची आधीची व नंतरची मिळून कुटुंबात २१ मुले झाली. थोरल्या इझाबेला यांच्यावर धाकट्या भावंडांच्या संगोपनाचा भार पडला. मुलांचा बराचसा मुक्काम शर्यतीच्या मैदानावरील प्रेक्षागृहाच्या इमारतीत असे. पुढे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी फ्रेंच, जर्मन व पियानोवादनाचे शिक्षण घेतले.

विवाह आणि संपादनकार्य
१० जुलै १८५६ रोजी त्यांचा विवाह प्रकाशक सॅम्युएल बीटन यांच्याशी झाला. हे जोडपे लंडनजवळील पिनर येथे राहू लागले. सॅम्युएल १८५२ पासून मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ हे दोन पेनी किमतीचे मासिक चालवीत होते. इझाबेला त्यात पाककृती व फ्रेंच कथांचे अनुवाद देऊ लागल्या आणि लवकरच संपादनाची जबाबदारीही त्यांनी उचलली. १८६० मध्ये पती-पत्नींनी पॅरिसला जाऊन फॅशनच्या रंगीत चित्रांची सोय केली. घरी कपडे शिवण्यासाठी कागदी नमुने देण्याची पद्धतही या मासिकाने लोकप्रिय केली.

ग्रंथ
हा ग्रंथ प्रथम १८५९ ते १८६१ या काळात मासिक भागांच्या रूपाने आणि १८६१ मध्ये एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षी त्याच्या ६०,००० प्रती खपल्या. घरचे जेवण रुचकर नसल्यास पुरुष क्लब व खानावळींकडे वळतात, अशी त्यामागची भूमिका होती. १,१०० हून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात स्वयंपाकाबरोबरच नोकरांची कामे, बालसंगोपन, आजार, कायदा व शिष्टाचार यांचाही समावेश होता. औपचारिक भेट पंधरा ते वीस मिनिटांत आटोपावी, असे त्यात सांगितले आहे. वार्षिक १,००० पौंड उत्पन्नाच्या घरासाठी स्वयंपाकीण, तीन मोलकरणी व एक पुरुष नोकर सुचवले आहेत, तर १५० ते २०० पौंडांच्या घरासाठी सर्व कामे करणारी एकच मोलकरीण. अशा मोलकरणीचे आयुष्य एकाकी असून तिचे काम कधी संपत नाही, याची नोंदही त्यात आढळते.

बहुतेक पाककृती वाचकांच्या पत्रांतून किंवा एलायझा ॲक्टन यांच्यासारख्या पूर्वसूरींच्या पुस्तकांतून घेतल्या होत्या. साहित्य आरंभीच देऊन खर्च, वेळ, हंगाम व किती जणांना पुरेल हे नोंदवण्याची मांडणी मात्र ग्रंथाचे वैशिष्ट्य ठरली. गरिबांसाठीचे सूप ही त्यांची स्वतःची पाककृती होय. १८५८-५९ च्या हिवाळ्यात त्या परिसरातील गरजूंना ते स्वतः शिजवून देत. भारतातील ब्रिटिश सत्तेचा प्रभाव करी, मलिगटॉनी सूप व आंब्याची बंगाली चटणी या पदार्थांतून दिसतो.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू
इतरांना बालसंगोपनाचे मार्गदर्शन करणाऱ्या इझाबेला यांची पहिली दोन मुले बालपणीच दगावली. पहिले १८५७ मध्ये काही महिन्यांचे असताना आणि दुसरे १८६२ च्या अखेरीस, तीन वर्षांचे असताना. तिसरा मुलगा १८६३ मध्ये जन्मला. २९ जानेवारी १८६५ रोजी चौथ्या मुलाच्या जन्मानंतर त्यांना सूतिकाज्वर झाला आणि आठवड्याभरात, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लंडनमधील वेस्ट नॉरवूड येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा
१८६६ च्या आर्थिक संकटात सॅम्युएल यांना ग्रंथाचे हक्क विकावे लागले. नव्या प्रकाशकांनी ग्रंथात वारंवार भर घातली, पण लेखिकेचे नाव कायम ठेवले. त्यामुळे मिसेस बीटन म्हणजे कोणी अनुभवी, प्रौढ गृहिणी असावी, असा समज अनेक पिढ्यांत रूढ झाला. प्रत्यक्षात ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा त्या केवळ २५ वर्षांच्या होत्या. आज हा ग्रंथ व्हिक्टोरियन मध्यमवर्गाच्या अपेक्षा व दैनंदिन व्यवहार समजून घेण्याचे महत्त्वाचे साधन मानला जातो.