लिमोझिन की स्पोर्ट्स कार? होळकर महाराजांनी ड्यूसेनबर्गचा वाद असा मिटवला

आलिशान गाड्यांच्या कंपनीने स्पोर्ट्स कार काढावी का, यावर गाडीवेडे तावातावाने भांडतात. इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी हा वाद आपल्यापुरता कधीच मिटवला होता.

जन्म १९०८ चा. घराणं मूळचं नीरेकाठच्या होळ गावचं, म्हणून होळकर. मुंबईतलं बावला खून प्रकरण वडील तुकोजीरावांना भोवलं. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि १७ वर्षांचे यशवंतराव राजे झाले. ऑक्सफर्डला शिकलेल्या या गड्याने जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून अगदी नव्या धाटणीचा माणिकबाग महाल बांधून घेतला.

गाड्यांतही तीच आवड. अमेरिकेची ड्यूसेनबर्ग म्हणजे हॉलिवूडच्या ताऱ्यांची भलीमोठी गाडी. पण कंपनीचा मूळ पिंड रेसिंगचा, १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री तिनेच मारलेली. महाराजांनी सुपरचार्जरवाल्या एसजे मॉडेलच्या चेसीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. कंपनी सांगायची ३२० हॉर्सपॉवर. लांबलचक बॉनेट, केशरी-काळा रंग आणि एवढ्या धुडात बसायला दोघंच! उधळपट्टी म्हणा हवं तर, पण गाडीतला रेसर पुन्हा दिसला.

१९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग बंद पडली. त्याच वर्षी कागलच्या लेक, महाराणी संयोगिताराजे ऐन तारुण्यात गेल्या. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईत वारले. ती केशरी-काळी गाडी पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली.