कान्होबाचा भाऊ

मालवण-कुडाळकडे डबलबारी रंगली की बुवा कोणीही असो, तुकोबांचा अभंग येतोच. त्या तुकोबांना घरातले माणूस म्हणून दाखवणारी एक कादंबरी आहे, दि. बा. मोकाशी यांची ‘आनंदओवरी’ (१९७४). मोकाशी मूळचे उरणचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. पुण्यात रेडिओ दुरुस्त करून ते पोट भरत. तुकोबांची गोष्ट त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या तोंडून सांगितली.

तुकोबा देहूचे. जन्म १६०८चा मानतात. घरी वाण्याचे दुकान आणि सावकारी. आईवडील लवकर गेले, थोरल्या भावाने घर सोडले. १६३०च्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा दगावले. भामगिरीवरून परतल्यावर त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबाला दिली, आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली.

रमजानात जकातीचा हिशेब मांडताना हा प्रसंग आठवतो. अडलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी, माफ केले तर अधिक चांगले, हीच कुरआनची शिकवण. तुकोबांनी माफी दिली ती स्वतःच्या वाट्यातून. भावाला संसार होता, त्याचा हक्क त्यांनी बुडवला नाही. दुसऱ्याच्या खिशातून पुण्य करणे सोपे असते.

पुढे अभंगांच्या वह्याही नदीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. वह्या तरल्या, असे परंपरा सांगते. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला ते दिसेनासे झाले. लोकांसाठी ते वैकुंठाला गेले. मोकाशींचा कान्होबा मात्र भावाला शोधत हिंडतो. जगाला संत मिळाला, त्याचा भाऊ हरवला. घरच्यांनी काय सोसले, हे त्याच्या आठवणींतून कळत जाते.

अनगडशहा फकिराची गोष्टही देहूचीच. कुठेही न भरणारा त्याचा कटोरा तुकोबांच्या घरच्या चिमूटभर पिठाने भरला, अशी आख्यायिका आहे. आजही आषाढीला निघालेली तुकोबांची पालखी देहूत अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग आणि आरती होते, मग वारकरी पंढरीच्या वाटेला लागतात.