डॉक्टर रखमाबाई

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्या लहान असतानाच त्यांचे वडील वारले. पुढे त्यांच्या आईने डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित डॉक्टरांशी पुनर्विवाह केला. अशा घरात रखमाबाईंना विद्येची गोडी लागली.

त्या काळच्या रूढीप्रमाणे अकराव्या वर्षीच त्यांचा विवाह झाला. जाणत्या झाल्यावर हा विवाह त्यांनी मान्य केला नाही व सासरी जाण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा निकाल १८८७ साली लागला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली! केवढे हे धैर्य! अखेर १८८८ साली तडजोड होऊन त्या बंधनमुक्त झाल्या.

त्या वेळी आपल्या देशात स्त्री-डॉक्टर अगदी थोड्या होत्या. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास स्त्रियांना संकोच वाटे. घरची वडीलधारी माणसेही परवानगी देत नसत. त्यामुळे बाळंतपण घरीच, एखाद्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून होई. काही अडचण आली, की आई व बाळ या दोघांच्याही जिवावर बेते. ही उणीव दूर करण्यासाठी आपण डॉक्टर व्हावे, असे रखमाबाईंनी ठरविले. मुंबईच्या कामा इस्पितळातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या.

१८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. तेथे आता स्त्री-डॉक्टर होती, औषधेही होती. तरी बाळंतपणासाठी येण्यास बायका धजत नसत. इस्पितळात बाळंत होणे अशुभ, अशी त्यांची समजूत होती. याविषयी एक हकिकत सांगतात. रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणविली. ती तेथे सुखरूप व्याली. शेळी व तिची करडे धडधाकट आहेत, हे बायकांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. अज्ञानाबद्दल कोणाला दोष न देता रखमाबाईंनी त्यांचा विश्वास असा संपादन केला.

सुरतेत वीसहून अधिक वर्षे सेवा करून पुढे त्यांनी राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळाचा कारभार सांभाळला. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इस्पितळ उभारले म्हणजे काम संपले, असे नाही. आजारी माणसाच्या मनातील भय व संकोच गेला, तरच तो त्याचा उंबरठा ओलांडतो. रखमाबाईंनी हे ओळखले, म्हणूनच कितीतरी माता व बालके यांना त्यांचा आधार लाभला.